अडुसष्ट टक्के शक्यता

जूनचा तिसरा आठवडा, वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागून चार दिवस झालेले. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कळवणकडचा एक बाप आणि त्याची मुलगी उभी होती. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा आणि गरम कागदाचा वास. काउंटरवरच्या पोराने मुलीचे गुण, प्रवर्ग आणि राज्य प्रवेशाचा अंदाज सांगणाऱ्या एका ‘प्रेडिक्टर’मध्ये भरले. पडद्यावर हिरवी पट्टी आली. शासकीय एमबीबीएस, ६८ टक्के. बापाने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, “म्हणजे फर्स्ट क्लासच की गं.” मुलगी काही बोलली नाही. पोराने प्रिंट काढून दिली, बापाने ती घडी न घालता प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली, दहावीच्या गुणपत्रिकेच्याही वर.

तो ६८ कशाचा, हे त्या दुकानात कुणीच विचारलं नाही. खरं तर विचारूनही उत्तर मिळालं नसतं. तेवढ्याच गुणांच्या शंभर मुली रांगेत उभ्या केल्या तर त्यातल्या अडुसष्ट जणींना जागा मिळते आणि बत्तीस जणी परत जातात, असं काही घडत नाही. गुणवत्ता यादीवर प्रत्येक फेरीत एकच रेष ओढली जाते. त्या रेषेच्या वर असलेल्या सगळ्यांना जागा, खालच्या सगळ्यांना नाही. शेवटची यादी लागली की कुणाचीही शक्यता एकतर शंभर असते नाहीतर शून्य. मग मधले आकडे येतात कुठून? तर गेल्या वर्षीची रेष कुठे होती ते मशीनला माहीत असतं आणि यंदाची माहीत नसते. ती किती सरकेल याबद्दल मशीनला जी धाकधूक असते, तीच टक्क्यांत छापून येते. मुलीबद्दल त्यात काहीच नसतं.

आणि रेष किती सरकते हे पाहायचं तर २०२४ आणि २०२५ ही लागोपाठची दोन वर्षं पुरेशी आहेत. २०२४ ला निकाल पहिल्यांदा लागला तेव्हा ७२० पैकी ७२० घेणारे ६७ जण होते. वाढीव गुणांचा आणि भौतिकशास्त्रातल्या एका वादग्रस्त उत्तराचा घोळ निस्तरून सुधारित निकाल आला तेव्हा ते १७ झाले. त्या वर्षी ६०० गुण म्हणजे देशात ऐंशी हजारांच्या आसपासचा क्रमांक. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राचा पेपर असा काही निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. ६५० च्या वर सगळ्या देशात ७३ जण, आणि ६०१ ते ६५० या पट्ट्यात १,२५९. म्हणजे ६०० च्या पुढे गेलेली मुलं दोन्ही मिळून १,३३२. एका वर्षी ६०० गुण घेऊन घरात रडारड झाली आणि दुसऱ्या वर्षी तेवढेच गुण मिळवणारा देशातलं जवळपास कुठलंही कॉलेज निवडू शकत होता. म्हणून जे प्रेडिक्टर क्रमांक न विचारता नुसते गुण विचारतात ते पहिल्या पायरीवरच घसरलेले असतात. गुण पेपर सांगतो, जागा क्रमांक देतो.

तरी लोक गुणच विचारतात. लग्नात, दशक्रियेला, द्राक्षाच्या बागेत फवारणी चालू असताना फोनवर. “आमच्या शेजारच्याला ५८० ला लागलं होतं” हे वाक्य वर्ष न सांगता बोललं जातं, आणि वर्ष न सांगता बोललेला कटऑफ म्हणजे तारखेविना भाव. निकालपत्रावर ‘पात्र’ असं छापलेलं असतं, तेही असंच फसवं. २०२५ ला खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती, राखीव प्रवर्गांसाठी ११३ वर. सुमारे २२ लाख मुलं परीक्षेला बसली, त्यातली १२ लाख ३६ हजार पात्र ठरली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांमागे एक जागा. ‘पात्र’ या शिक्क्याचा अर्थ इतकाच की रांगेत उभं राहता येतं. निकालानंतर फोन करणारे एजंट नेमके हाच शिक्का दाखवून बोलणं सुरू करतात.

रांग किती दाट असते तेही बघण्यासारखं आहे. २०२५ ला ५५१ ते ६०० या पन्नास गुणांत १०,६५८ मुलं होती. सरासरी काढली तर एका गुणावर २१३. खाली जावं तशी गर्दी वाढतच जाते, आणि महाराष्ट्रातले बहुतेक निकाल त्या खालच्या दाट भागातच लागतात. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला वजा एक. एक प्रश्न बरोबर यायचा तो चुकला तर पाच गुण जातात, आणि त्या पाच गुणांत हजारो माणसं पुढे निघून जातात. गुण सारखे असतील तर आधी जीवशास्त्र, मग रसायन, मग भौतिक बघतात, नंतर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण. अंदाजाने गोल रंगवायची सवय तिथेही अंगाशी येते.

पण देशाच्या क्रमांकाची रांग ही आपली रांग नव्हेच.

शासकीय कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्या केंद्राची एमसीसी ही समिती भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, त्या मुंबईतला सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, भरतो. सीईटी सेलकडे नोंदणी केलेल्यांची वेगळी गुणवत्ता यादी लागते आणि तिथे देशातला चाळीस हजारावा मुलगा राज्यात कितीतरी वरचा निघतो. त्या एका यादीत पुन्हा अनेक रांगा. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब, क, ड अनुक्रमे अडीच, साडेतीन आणि दोन, ओबीसी १९, शिवाय एसईबीसी (मराठा आरक्षण) १० आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) १०. राहिलेल्या खुल्या जागा सगळ्यांच्या. ओबीसी मुलगी गुणांवर तिथे बसत असेल तर ती तिथेच बसते. खासगी विनाअनुदानित कॉलेजात मात्र सामाजिक आरक्षणाचा वाटा निम्मा होतो. त्यामुळे शासकीय कटऑफवरून खासगीचा अंदाज बांधणारा हमखास चुकतो. मुलींचं ३० टक्के समांतर आरक्षण प्रत्येक प्रवर्गाच्या पोटात असतं. त्या प्रवर्गात गुणांवरच तेवढ्या मुली आलेल्या असतील तर त्याने वेगळं काही पदरात पडत नाही.

एकच मूल या दोन दारांवर दोन वेगवेगळ्या ओळखींनी उभं राहतं, हे फार उशिरा कळतं. सिन्नरचा वंजारी मुलगा राज्यात एनटी-ड असतो, एमसीसीकडे तो ओबीसी. राज्यात एसईबीसीतून अर्ज करणाऱ्या मराठा मुलीला केंद्रात एसईबीसी नावाचा प्रवर्गच सापडत नाही. तिथे ती खुली, किंवा उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर ईडब्ल्यूएस. ओबीसीचं नॉन-क्रिमीलेयरही राज्याचं वेगळं, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं. ‘नॉन-क्रिमीलेयर आहे ना’ या प्रश्नाला घरातलं माणूस ‘आहे’ म्हणतं, आणि ते खोटं नसतं, फक्त दुसऱ्या दारावरचं असतं.

नाशिकमध्ये या सगळ्याला एक जुनी समजूत चिकटून आहे, की आपण इथले, तर इथे आपल्याला थोडं झुकतं माप मिळेल. ती अगदीच हवेतून आलेली नाही. राज्यात बरीच वर्षं ७०:३० चं सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग, आणि ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. नाशिक ‘उर्वरित’मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. आता लातूरचा मुलगा नाशिकला आणि नाशिकची मुलगी नांदेडला, एकाच यादीतून जातात. खरं तर या शहराचं नशीबच जरा चमत्कारिक. राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे, म्हसरूळला. आडगावला मविप्र संस्थेचं कॉलेज, घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी, दोन्ही खासगी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४ ला आलं, राज्यभर एकदम दहा नवी सुरू झाली त्यात. त्या दहांनी मिळून ९०० जागा वाढवल्या. गेल्या वर्षांचे आकडे पाहणाऱ्या मशीनला अशी वाढ आधीच्या वर्षी कशी कळणार?

या सगळ्यात माणसाच्या हातात असलेली गोष्ट एकच, आणि नेमकी तीच टक्केवारीच्या धास्तीने बिघडते. पसंतीक्रमाचा अर्ज. घरोघरी तो असा भरला जातो: प्रेडिक्टरची प्रिंट समोर, ‘मिळण्यासारखी’ कॉलेजं वर आणि ‘आपल्याला कुठलं मिळायला’ म्हणून केईएम, बी. जे., ग्रँट ही मुंबई-पुण्याची मोठी कॉलेजं यादीतच नाहीत. यामागची भीती साधी असते. वर मोठं नाव टाकलं तर हातचं छोटं निसटेल, कारण ते ज्यांनी पहिल्या क्रमांकावर टाकलंय त्यांना आधी मिळेल. असं होत नाही. सॉफ्टवेअर गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरू करतं, त्याचा पसंतीक्रम वरून खाली वाचतं, जिथे जागा शिल्लक असेल ती देतं आणि दुसऱ्याकडे वळतं. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या मागच्या क्रमांकाचा एकही मुलगा अजून बसलेला नसतो. त्याने ते कॉलेज पहिलं टाकलेलं असो की चाळिसावं. केईएम नाही मिळालं तर सॉफ्टवेअर पुढची ओळ वाचतं. वरच्या पंचवीस ओळी वाया गेल्या तरी सव्विसावी तितकीच ताजी असते. म्हणून क्रम लावताना शक्यतेचा विचारच करायचा नसतो, फक्त आवडीचा करायचा. कुठे शिकायला आवडेल, कुठली फी झेपेल, कुठल्या रुग्णालयात पेशंटची गर्दी आहे, घर किती लांब.

हे कितीही समजावलं तरी लोकांना पटत नाही, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही म्हणवत नाही. ज्या घरात सगळं आयुष्य ‘झेपेल तेवढंच माग’ म्हणून गेलं, तिथे फुकट मिळणाऱ्या पंचवीस ओळींवरही हावरटपणाचा संशय येतो. बापाला वाटतं, मशीन बघत असेल.

चुका होतात त्या वेगळ्याच ठिकाणी. यादीच्या शेवटी, जिथे मुळीच जायचं नाही अशी कॉलेजं ‘असू दे’ म्हणून टाकली जातात, आणि नेमकं तेच लागतं. मग नाकारायचं तर त्या फेरीचे नियम आडवे येतात. किंवा नावं फसवतात. डॉ. वसंतराव पवार नाशिकचं, खासगी. वसंतराव नाईक यवतमाळचं, शासकीय. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय आहे आणि एसीपीएम खासगी. अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं खासगी कॉलेज जुनं, शासकीय २०२४ चं. रात्री साडेअकराला शेवटच्या तारखेच्या घाईत मोबाइलवर अर्ज भरणाऱ्याने ‘धुळे’ एवढंच वाचलं तर फीच्या आकड्यात पुढे लाखांचा फरक पडतो. कॉलेजचा कोड कागदावर लिहून घ्यावा, शासकीय-खासगी असं शेजारी लिहावं, आणि मगच पडद्यावर बसावं. भरून झाल्यावर अर्ज लॉक करून त्याची प्रत काढावी. नुसता सेव्ह केलेला अर्ज पाहून निर्धास्त झोपलेली घरं दरवर्षी असतात.

पहिल्या फेरीची रेष पाहून हातपाय गाळणारे तितकेच. रेष फेरीगणिक खाली येते आणि त्याला कारण आहे. वरच्या क्रमांकाची मुलं एमसीसीकडून दिल्ली, पुणे, कुठे कुठे लागतात. एकाच वेळी दोन्हीकडे जागा धरून ठेवता येत नाही, त्यामुळे राज्यातल्या त्यांच्या जागा सुटतात. कुणी एम्सला, कुणी सैन्यदलांच्या एएफएमसीला जातं. काहीजण सरळ पुढच्या वर्षाची तयारी करतात. प्रत्येक गळतीने खालची रांग काही पावलं पुढे सरकते. पहिल्या फेरीत काही लागलं तर प्रत्यक्ष जाऊन मूळ कागदपत्रं आणि फी देऊन प्रवेश घ्यायचा, हे पहिलं. ‘स्टेटस रिटेन्शन’ दुसरं. आता इथेच राहायचं असा हा अर्ज दिला की पुढच्या फेरीतून तुमचं नाव बाहेर. दिला नाही आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर आधीची जागा आपोआप जाते आणि ती लगेच दुसऱ्याची होते. ‘आधीचंच बरं होतं’ म्हणून परत येण्याची सोय नाही. जळगावला खोली घेऊन, मेस लावून, शेजारच्या पोराशी ओळख होऊन आठवडा झालेला असतो आणि यादीत गोंदिया येतं, कारण अर्ज भरताना कधीतरी ते जळगावच्या वर टाकलेलं असतं. मग नाशिक रोडहून विदर्भ एक्स्प्रेस.

एमसीसीकडचे नियम याहून कडक. तिथे पहिल्या फेरीतली जागा न घेता बाहेर पडता येतं, दुसऱ्या फेरीत मिळालेली नाकारली तर अनामत जाते. अखिल भारतीय कोट्याची अनामत खुल्या प्रवर्गाला दहा हजार, राखीवला पाच. अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख. ‘बघू तरी’ म्हणून अभिमतचा पर्याय टिकवणाऱ्यांना जागा लागली आणि त्यांनी ती नाकारली, तर हे दोन लाख जातात.

पैशाचा विषय निघाला की बोलणं हळू होतं. शासकीय कॉलेजची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात. खासगीची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि तिथल्याच संस्थात्मक कोट्यातल्या १५ टक्के जागांची ती कितीतरी पट. अभिमतला बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या आसपास किंवा वर, आणि शिक्षण साडेचार वर्षांचं, त्यापुढे एक वर्ष इंटर्नशिप. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क सरकार भरतं. अट अशी की प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीतून झालेला हवा. संस्थात्मक कोट्यातून घेतला तर नाही. त्यामुळे अनेक घरांत आता एक नवंच गणित मांडलं जातं. सारख्याच क्रमांकाच्या भाऊ-बहिणीत बहिणीला खासगी कॉलेज परवडतं, भावाला नाही. एका पिढीपूर्वी मुलीच्या शिक्षणाला ‘एवढा खर्च कशाला’ म्हणणाऱ्या आजीला हे कुणीतरी नीट समजावून सांगताना बघायला हवं.

बापाने सगळ्यात वर ठेवलेल्या त्या प्रिंटच्या खाली काय होतं, यावर बरंच काही ठरतं. डोमिसाइल, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षराला अक्षर जुळणं, चालू वर्षात वैध असलेलं नॉन-क्रिमीलेयर, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं पत्र, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. यातलं बहुतेक चार-आठ दिवसांत उभं राहतं. एकच कागद तसा उभा राहत नाही. जात वैधता. जातीचा दाखला मिळाला की काम झालं असं वाटतं, पण प्रवर्गाच्या जागेवर बसताना मागतात ती व्हॅलिडिटी. ती नसेल तर मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली जाते, आणि मग ६८ काय आणि ९८ काय. कळवण, सुरगाणा, पेठकडच्या कोकणा, महादेव कोळी मुलांना गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात खेटे घालावे लागतात. बाकीच्यांना जिल्हा पडताळणी समितीत. समिती विचारते ते आजचं नव्हे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या, ओबीसींसाठी १९६७ च्या. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा. जुना सातबारा, कोतवाल बुकातली जन्मनोंद, किंवा गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरमधला प्रवेश-निर्गम उतारा, ज्यात जात त्या वेळच्या गुरुजींनी मोडीत किंवा आपल्या मर्जीच्या स्पेलिंगने लिहिलेली असते. घराण्यात काका-आत्यांपैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत सोन्यासारखी. ती जोडली की वंशावळीचं प्रतिज्ञापत्र भरणंही सोपं जातं.

मूल अकरावीत गेलं की कॉलेजच्या पत्रावर बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवरून (आदिवासी मुलांना आदिवासी विभागाच्या) हा अर्ज करता येतो. दोन वर्षं हातात असतात. त्या दोन वर्षांत कॉलेज रोडच्या क्लासची फी तीन हप्त्यांत वेळेवर जाते, टेस्ट सिरीजचे गुण दर रविवारी फोनवर येतात, लातूर की कोटा यावर घरात भांडणं होतात. अर्ज मात्र निकालानंतर केला जातो. तेव्हा समितीसमोर सगळ्या जिल्ह्याची रांग असते, आणि उतारा ज्या गावच्या शाळेत आहे तिथले हेडमास्तर बदलून गेलेले असतात. नव्या गुरुजींना जुनी रजिस्टरं कुठल्या कपाटात आहेत हे शोधायला एक दिवस लागतो, शिक्क्याला दुसरा.